पेव्हर ब्लॉक आणि शहाबादी फरशीच्या सांध्यातलं गवत : आत्ता काय करायचं आणि मे महिन्यात काय करायचं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे, की तळेगावच्या बंगल्यात पुढे पार्किंगला पेव्हर ब्लॉक आहेत, मागच्या अंगणात जुनी शहाबादी आहे, दोन्हीकडे सांध्यांतून गवत येतं, माळीदादा दर महिन्याला खुरपून जातात तरी पंधरा दिवसांत पुन्हा जैसे थे. कुणी सांगतं मीठ टाका, कुणी व्हिनेगर, दुकानदार म्हणतो राउंडअप हे तणनाशक मारा, आणि घरात कुत्रा आहे, बोअर आहे, आंब्याचं झाड आहे, सासूबाई तिथल्याच दूर्वा गणपतीला काढतात, मग नेमकं करू काय. मी लँडस्केप आणि बागांच्या देखभालीचं काम बरीच वर्षं करतोय, सोसायट्या, बंगले, शाळांची पटांगणं सगळं केलंय, त्यामुळे जरा सविस्तरच सांगतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. बहुतेक लोकांना वाटतं की गवत खालून, जमिनीतून, ब्लॉक फोडून वर येतं. लव्हाळा आणि दूर्वा सोडल्या तर तसं फार कमी वेळा होतं. बाकीचं जवळजवळ सगळं तण वरून येतं. वाऱ्याने, पाण्याने, पक्ष्यांनी, बुटाला चिकटून बी येतं आणि सांध्यात जी माती साठलेली असते तिच्यात रुजतं. तुम्ही आत्ता एक काम करा, एक जुना स्क्रूड्रायव्हर घ्या आणि पार्किंगमधला कुठलाही गवत आलेला सांधा दोन इंच लांबीत कोरून बघा. वरचा पाऊण-एक इंच काळपट, भुसभुशीत, हाताला ओलसर लागणारा थर निघेल, त्यात पांढऱ्या केसासारख्या मुळ्यांचं जाळं असेल, कुजलेल्या पानांचे तुकडे असतील. आणि त्याच्या खाली अचानक रंग बदलतो, करडी स्वच्छ कच लागते, जी ब्लॉक बसवताना टाकली होती, तिच्यात मुळं जवळपास नसतातच. तो वरचा काळा थर म्हणजे तयार कुंडी आहे. ब्लॉक बसवले तेव्हा तिथे वाळू होती, ती पावसाने, गाडी धुताना, मुंग्यांनी बाहेर काढून काढून गेली, आणि त्या मोकळ्या जागेत आठ वर्षांची धूळ आणि पाचोळा जाऊन बसला. माळीदादा वरचं गवत काढतात, कुंडी तशीच राहते. म्हणून पंधरा दिवसांत परत.

तुमच्या गेटजवळ गुलमोहर आहे ना, तो यातला मोठा भागीदार आहे. आंब्याची पानं मोठी, झाडून जातात, पण गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर या झाडांची पानं इतकी बारीक असतात की खराट्याने झाडलं की ती नेमकी फटीत जाऊन बसतात आणि पहिल्या पावसात कुजून उत्तम खत होतं. झाड काढू नका हां, मी त्यासाठी सांगत नाहीये, फक्त त्या भागात झाडण्याची पद्धत बदलायला लागेल, ते खाली सांगतो.

आता तुम्ही पाठवलेल्या फोटोंत जे दिसतंय त्यावरून तुमच्याकडे कोण कोण आहे ते बघू, कारण सगळ्यांना एकच उपाय चालत नाही.

पार्किंगच्या मधल्या भागात जमिनीला चिकटून पसरलेलं, लालसर देठाचं, जाडसर पानांचं आहे ती घोळ. आपण भाजी करतो तीच. पण पार्किंगमधली खाऊ नका, गाड्यांचं ऑइल आणि धूर दोन्ही आहे तिथे. घोळ उपटायला सोपी, पण उपटून ब्लॉकवरच टाकून ठेवली तर ती दोन-तीन दिवस जिवंत राहते, तेवढ्यात बी पक्कं करून टाकते, आणि ओल मिळाली तर तुकडाही रुजतो. लगेच घमेल्यात भरून बाहेर काढायची. तिच्याच बाजूला तोडल्यावर पांढरा चीक येणारी दुधी आहे, आणि तीन पाकळ्यांच्या पानांची पिवळ्या फुलांची अंबुशी आहे. अंबुशीच्या शेंगा हात लागला की फुटतात आणि बी लांब उडतं, म्हणून शेंगा धरायच्या आधीच काढायची. ही सगळी मंडळी हाताने जातात, यांच्यासाठी औषध आणणं म्हणजे उगाच खर्च.

कंपाउंडच्या भिंतीलगत जे गाजराच्या पानासारखं दिसतंय ते गाजरगवत, म्हणजे आपलं काँग्रेस गवत. पुण्याचं आणि याचं नातं जुनं आहे, भारतात याची नोंद १९५५-५६ च्या सुमारास पुण्यातच झाली आणि तिथून ते देशभर गेलं. एका मोठ्या झाडाला हजारोंनी बिया येतात. याला उघड्या हाताने अजिबात हात लावायचा नाही, कातडीवर पुरळ आणि खाज येते, काहींना दम्याचा त्रास सुरू होतो. रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला रुमाल किंवा मास्क, आणि पाऊस पडून गेल्यावर जमीन मऊ असताना मुळासकट उपटायचं. पांढरी फुलं यायच्या आधी काढलं तर कंपोस्टमध्ये टाकता येतं, फुलं आल्यावर मात्र टाकू नका. घरकाम करणाऱ्या मावशींना किंवा माळीदादांना सांगाल तेव्हा हातमोजे तुम्ही आणून द्या, ते स्वतःहून मागत नाहीत आणि वर्षानुवर्षं खाजवत बसतात, हे मी फार ठिकाणी पाहिलंय.

आता खरे दोन हट्टी. लव्हाळा आणि दूर्वा.

लव्हाळा ओळखायला सोपा, पात गुळगुळीत चमकदार, आणि देठ बोटांत फिरवून बघितला तर तिकोनी लागतो, बाकीच्या गवतांचा गोल किंवा चपटा लागतो. हा उपटला की वरचं हातात येतं आणि गाठ खाली राहते. तुमच्या शहाबादीची ती हलणारी फरशी आहे ना नळाजवळची, ती कधी उचलाल तेव्हा खाली बघा, काळ्या-तपकिरी, शेंगदाण्याएवढ्या गाठी एकमेकींना दोऱ्यासारख्या मुळांनी जोडलेल्या दिसतील, एक ओढली की दुसरी, दुसरीमागे तिसरी. गाठ नखाने फोडली तर आतून पांढरी, आणि नागरमोथ्याचा तो ओळखीचा वास येतो, उटण्यातला. प्रत्येक गाठ एक नवीन रोप. आणि याचं टोक इतकं टोकदार असतं की प्लास्टिकचा कागद भोसकून वर येतं, त्यामुळे 'खाली प्लास्टिक अंथरून वरून ब्लॉक बसवा, गवत येणार नाही' असं जो काँट्रॅक्टर सांगेल त्याला नाही म्हणा, शिवाय प्लास्टिकमुळे पाणी मुरत नाही ते वेगळंच.

दूर्वा म्हणजे हरळी, ती पेरापेराला मुळं सोडत धावते, बहुतेक वेळा लॉनमधून किंवा शेजारच्या मोकळ्या प्लॉटमधून कडेने आत शिरते. तिला कडेलाच अडवायचं, मधे कितीही उपटली तरी उपयोग नाही.

आता तुम्हाला ज्या ज्या गोष्टी सुचवल्या गेल्यात त्यांच्याबद्दल.

मीठ टाकू नका. एकदा नाही, थोडंसंही नाही. मीठ गवत मारतं हे खरं, पण ते तिथे थांबत नाही, पावसाच्या पाण्याबरोबर खाली आणि बाजूला जातं, आंब्याच्या मुळांशी जातं, मातीचा पोत बिघडवतं, आणि सिमेंटच्या कामाला तर ते वैरीच, मिठातलं क्लोराइड आत शिरलं की काँक्रीटमधली सळई गंजते. तुमच्याकडे खाली जमीन आहे तरी ठीक, पण हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या सोसायटीत पोडियमवर, म्हणजे खाली बेसमेंट आणि वर स्लॅबवर पेव्हर आहेत, त्यांनी तर मिठाचं नावच काढू नये.

व्हिनेगरने कोवळी, नुकती दोन पानांवर आलेली रोपं करपतात, एवढंच. किराणा दुकानातलं व्हिनेगर चार-पाच टक्क्यांचं असतं, लव्हाळ्याला आणि दूर्वेला त्याने काही होत नाही. आणि एक गोष्ट कुणी सांगत नाही, शहाबादी, तांदूर, कोटा, कडप्पा हे सगळे चुनखडीचे दगड आहेत. कुठलंही आम्ल पडलं की दगड खाल्ला जातो, चमक जाते, पांढरट डाग राहतात आणि ते परत जात नाहीत. संडास धुवायचं अ‍ॅसिड टाकणारे लोक तर मी बघतो, शहाबादीवर ते नुसतं फसफसतं आणि सांध्यातलं सिमेंट पण खाऊन टाकतं, म्हणजे पुढच्या वर्षी गवताला आणखी मोठी जागा. जळकं ऑइल, डिझेल, रॉकेल याबद्दल तर काही बोलायलाच नको, तुमच्याकडे बोअर आहे.

उकळतं पाणी हा साधा आणि चांगला उपाय आहे, आणि कुत्रं असलेल्या घरात मी तोच आधी सांगतो (अर्थात ओतताना त्याला आत बांधून ठेवा). किटलीने बारीक धार करून सांध्याच्या रेषेवरच ओतायचं, घाईघाईने बादली उपडी करायची नाही, नाहीतर पाणी पसरून थंड होतं आणि काही होत नाही. किटलीभर पाण्यात फार तर दोन-तीन फूट सांधा नीट होतो, त्यामुळे पूर्ण पार्किंगला हे परवडत नाही, पण दाराची पायरी, तुळशीवृंदावनाभोवतालची जागा, भिंतीची कड एवढ्याला उत्तम. कोवळी रोपं, घोळ, अंबुशी एकाच वेळी जातात. लव्हाळा, दूर्वा वरून करपतात आणि आठ-दहा दिवसांत परत फुटतात, पुन्हा ओतायचं, पुन्हा फुटलं की पुन्हा, असं सतत केलं तर गाठीतला साठा संपत जातो आणि जोर कमी होतो. चप्पल नाही, बूट घालून करा.

फ्लेम गन म्हणजे वॉटरप्रूफिंगवाले वापरतात ती गॅसची मशाल, तिने गवत जाळतात काही जण. पार्किंगमध्ये, जिथे पेट्रोल-ऑइल सांडलेलं असू शकतं तिथे मी ती वापरत नाही, आणि शहाबादीवर तर नाहीच, ओला दगड एकदम तापला की पापुद्रे उडतात, डोळ्यात जातात.

प्रेशर वॉशरबद्दल तुम्ही विचारलं नाही पण कुणीतरी सांगेलच. त्याने फरशी अगदी नव्यासारखी दिसते, शेवाळही जातं, पण पेव्हरच्या सांध्यातली उरलीसुरली वाळूही उडून जाते. मारल्यावर सांधे परत भरणार असाल तरच मारा. नुसतं धुवून सोडून दिलं तर पुढच्या पावसात दुप्पट गवत, आणि ब्लॉक हलायला लागतात ते वेगळं, कारण ब्लॉक एकमेकांना धरून राहतात ते त्या वाळूमुळेच.

आता राउंडअप, म्हणजे ग्लायफोसेट. मी याच्या बाजूचाही नाही आणि याला शिव्या देणाराही नाही, जे आहे ते सांगतो. हे पानातून आत जाऊन मुळापर्यंत पोचतं, म्हणून लव्हाळ्यावर आणि हरळीवर खरंच चालतं, हाताने जे होत नाही ते याने बऱ्यापैकी होतं. पण मातीतल्या बियांवर याचा काही परिणाम नाही, त्यामुळे घोळ, दुधी, गाजरगवत परत उगवणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये याला 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, त्यावर वाद आहेत आणि काही देशांच्या नियामक संस्थांचं मत वेगळं आहे. आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फतच वापरायचं. तेव्हा दुकानातून बाटली आणून माळीदादांच्या हातात पंप देणं हे माझ्या मते करूच नये. यवतमाळमध्ये २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने किती शेतकरी-शेतमजूर गेले ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. ती औषधं वेगळी होती, कीटकनाशकं होती, पण हातमोजे नाहीत, मास्क नाही, लेबल वाचता येत नाही ही परिस्थिती बंगल्यातल्या माळ्याचीही तीच असते.

आणि दुकानदार 'हे लगेच दोन दिवसांत जाळतं' म्हणून पॅराक्वाट नावाचं तणनाशक देईल, ते घरात आणू नका. चुकून पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. घरात लहान मूल असो, कुत्रं असो, कुणीही असो, ते घरात नकोच. टू-फोर-डी हे तणनाशक पण नको, त्याने रुंद पानाचंच तण मरतं, लव्हाळा-हरळी तशीच राहते, आणि वाऱ्याने उडालं तर शेजाऱ्यांचे टोमॅटो, द्राक्षाचा वेल, गुलाब वाकडेतिकडे होतात. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन नावाचं औषध येतं, गावाकडच्या कुणाला माहीत असेल, पण ते उसासारख्या पिकांसाठी आहे, पार्किंगसाठी नाही.

तुमच्या बाबतीत माझं मत असं, की पार्किंगला औषधाची गरज नाही. मागच्या अंगणात लव्हाळा फारच असेल आणि फरशी उचलायची तयारी नसेल तरच, परवाना असलेल्या पेस्ट कंट्रोलवाल्याकडून, सरसकट फवारणी नाही तर फक्त त्या त्या झुबक्यावर, असं ठरवून घ्या. त्याला चार गोष्टी आधी सांगा. पाणी स्वच्छ वापर, कारण गढूळ पाण्यात ग्लायफोसेट मातीला चिकटून निकामी होतं. पानांवर धूळ असेल तर आदल्या दिवशी धुवून घ्यायची, कारण तेच. लव्हाळा आधी कापायचा नाही, पान भरपूर आणि हिरवं असेल तेव्हाच औषध आत जातं. आणि त्या दिवशी पाऊस नको, निदान सहा तास तरी, नाहीतर सगळं वाहून गटारात आणि तिथून नाल्यात. आंब्याच्या बुंध्याला, खालून फुटलेल्या धुमाऱ्यांना एक थेंबही लागता कामा नये. मारल्यावर आठ-पंधरा दिवस पिवळं पडेपर्यंत थांबायचं, मधे उपटायचं नाही, आणि कुत्र्याला पूर्ण वाळेपर्यंत तिकडे सोडायचं नाही, लेबलवर लिहिलेलं असतं ते पाळायचं. मेलेलं गवत मग सांध्यातून काढून टाकायचं, तसंच ठेवलं तर ते कुजून त्याचीच माती होते.

पण हे औषधाचं सगळं गणपती झाल्यावर. आत्ता श्रावण-भाद्रपदात अजिबात नाही. सासूबाई दूर्वा काढणार, शेजारची पोरं मंगळागौरीला, हरतालिकेला पत्री म्हणून आघाडा, दूर्वा, काय काय खुडून नेणार, हाताळणार, आणि बाप्पाच्या दूर्वा काही कुणी फवारणी झाली का विचारून घेत नाही. दूर्वांसाठी खरं तर एक मोठी पसरट कुंडी वेगळी लावा, ऊन लागेल अशा जागी, सांध्यातलीच एक पेर काढून लावली तरी महिन्याभरात भरते. मग सांध्यातल्या काढताना सासूबाईंची तक्रारही राहणार नाही.

आता करायचं काय, ते काळाप्रमाणे.

या आठवड्यात, पाऊस पडून उघडला की, सगळं हाताने उपटून घ्या. ओलं असताना मूळ सहज येतं, वाळल्यावर तुटतं. खुरपं पेव्हरच्या बारीक सांध्यात जात नाही, ते फक्त वरून छाटतं. त्यासाठी एक्सो ब्लेडचा, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा तुकडा घ्या, वेल्डिंगवाल्याकडून किंवा ग्राइंडर असलेल्या कुणाकडून टोक हुकासारखं करून घ्या, धरायच्या बाजूला जाड कापड गुंडाळा, तो सांध्यात घालून ओढला की मुळासकट पट्टी बाहेर येते. उभ्याने काम करायचं असेल तर लांब दांड्याला लावून घ्या, माळीदादांची कंबर वाचेल. काढलेलं सगळं त्याच दिवशी उचला, लव्हाळ्याच्या गाठी कंपोस्टमध्ये टाकू नका, पत्र्यावर कडक उन्हात नीट वाळवून मगच टाका.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबला की परत एक फेरी, आणि ही फेरी चुकवू नका. पावसाळ्यात वाढलेलं सगळं या वेळी बी धरतं आणि ऑक्टोबर हीटमध्ये वाळून झडतं. ही एक फेरी वेळेवर झाली तर पुढच्या जूनचं निम्मं काम वाचतं.

आणि खरं काम मे महिन्यात, वळवाच्या आधी, सगळं कोरडं ठणठणीत असताना. पार्किंगचे सगळे सांधे साधारण एक इंच खोल कोरून काढायचे, त्याच हुकाने आणि तारेच्या ब्रशने. तो काळा थर पूर्ण निघाला पाहिजे. कंटाळवाणं आहे, दोन माणसं लावली तरी एवढ्या पार्किंगला काही दिवस जातील, पण यात शॉर्टकट नाही. नंतर ब्लोअरने किंवा कोरड्या झाडूने सांधे रिकामे करायचे. मग भरायला बारीक वाळू. नदीची वाळू आता सहज मिळत नाही म्हणून काँट्रॅक्टर क्रशरची डस्ट टाकून मोकळा होतो, त्या डस्टमध्ये पिठासारखी बारीक पूड भरपूर असते, ती ओल धरून ठेवते आणि गवताला तीच आवडते. प्लास्टरसाठीची धुतलेली एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू मागा, हातात चोळून बघा, तळव्यावर पीठ राहिलं तर नको. चाळून घ्या, उन्हात पसरून पूर्ण कोरडी करा, ओलसर वाळू सांध्यात तोंडाशीच अडकते आणि खाली पोकळ राहतं. वाळू पसरून तिरक्या दिशेने खराटा मारायचा, मग त्यावरून व्हायब्रेटर प्लेट, म्हणजे थरथरून दाबणारं मशीन फिरवायचं, खाली रबरी पॅड लावून, नाहीतर ब्लॉकचे कोपरे उडतात. ती भाड्याने मिळते. प्लेट फिरली की वाळू खाली बसते, परत टाकायची, परत झाडायची, परत फिरवायची, सांधा गच्च भरेपर्यंत. पहिल्या दोन-तीन पावसांनंतर वाळू थोडी खाली जाईल तेव्हा वरून आणखी भरायची, म्हणून एक-दोन गोण्या वाळवून बाजूला ठेवा. हे झालं की काही वर्षं निवांत, मधे मधे फक्त जिथे मुंग्यांनी वाळूचे ढीग केलेत तिथे भरत राहायचं.

पेव्हरचे सांधे सिमेंटने भरू नका, कितीही आग्रह झाला तरी. पेव्हर थोडे हलण्यासाठीच असतात, गाडी गेली की सिमेंटला तडा जातो, त्या बारीक तड्यात परत गवत, आणि पाणी मुरायचं बंद झालं की तुमच्या बोअरलाच कमी.

शहाबादीचं उलट आहे. तिथे दरजा, म्हणजे दोन फरशांमधली फट, सिमेंटनेच भरायची. जुनी सुटलेली दरजा छिन्नीने निदान पाऊण इंच खोल काढायची, पाण्याने स्वच्छ धुवायची, ओली असतानाच एकास तीन सिमेंट-वाळू थापीने दाबून भरायची, आणि सात दिवस पाणी मारायचं, मे महिन्याचं ऊन आहे तर वर ओलं गोणपाट टाकून ठेवायचं. पाणी न मारलेली दरजा वर्षभरात भुगा होते. पण त्याआधी सगळ्या फरशांवर हातोडीच्या दांड्याने टकटक करून बघा, जी पोकळ वाजते किंवा हलते तिची दरजा भरून काही उपयोग नाही, ती उचलून, खालच्या लव्हाळ्याच्या गाठी वेचून, सिमेंट-वाळूचा माल टाकून परत बसवायची. ढाळही तेव्हाच बघून घ्या, पाणी साठतं तिथे गवत आणि शेवाळ दोन्ही हमखास. शेवाळाला ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून ताठ ब्रशने घासायचं आणि भरपूर पाण्याने धुवायचं, फक्त ब्लीचिंग आणि अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका, क्लोरीन वायू होतो, जीवावर बेतू शकतं.

आंब्याभोवती मात्र काहीच भरू नका. आत्ता फोटोत फरशी बुंध्याला अगदी टेकलीये, तिथल्या फरशा चारी बाजूंनी निदान तीन फूट काढून टाका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवती एक मीटर जागा काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितलं होतं ते याचसाठी, मुळांना हवा-पाणी लागतं. तिथे वाळलेल्या पानांचा जाड थर अंथरा, तण आपोआप कमी येतं.

भिंतीच्या फटीत जे पिंपळाचं रोप आलंय ते पेन्सिलीएवढं आहे तोवर काढा, पावसात भिंत ओली असताना हळूहळू ओढलं तर मुळासकट येतं. बऱ्याच घरांत पिंपळ काढायला मन धजत नाही, मग ते कुंडीत लावा आणि एखाद्या टेकडीवर वृक्षारोपणवाल्यांना द्या, जगतं छान. वरून नुसतं छाटत राहिलात तर मूळ आत जाड होत जातं आणि एक दिवस भिंतच उघडते.

रोजच्या झाडण्याबद्दल म्हणालो होतो, गुलमोहराखाली खराटा सांध्यांना आडवा मारायला सांगा, सांध्याच्या दिशेने नाही, आणि पावसाळ्यात पानं भिजायच्या आत सकाळीच उचलायची.

शेवटचं, तुमच्या दुसऱ्या फोटोत धुण्याच्या जागेपासून गेटकडे जाणारी एकच सरळ हिरवी पट्टी दिसतेय, बाकी ठिकाणी गवत विरळ आणि तिथेच दाट. हे गेल्या उन्हाळ्यातही हिरवं होतं का ते सासूबाईंना किंवा माळीदादांना विचारा. होतं असं म्हणाले तर खालून पाइप गळतोय, रात्री सगळे नळ बंद करून मीटर किंवा टाकीची पातळी बघा, आणि आधी प्लंबरला बोलवा, कारण ते ब्लॉक उचलावे लागणारच आहेत, त्या पट्टीचे सांधे आत्ता भरू नका.